परदेशात शिकवायची नोकरी आणि मागच्या घरादाराचा व्हिसा



गेल्या अंकात आम्ही खोडव्यातील पाचट न जाळता कुजविण्याविषयी लिहिले होते. या वेळी ऊस बाजूला ठेवून आम्ही व्हिसावर लिहितो आहोत, हे पाहून कोणी म्हणेल की शेतकी खात्याला कामं उरली नाहीत वाटतं! तसे नाही. गाळप जोरात आहे आणि तोडीच्या पाळीवरून रोज दोन-चार सभासद आमच्यावर रुसून जातातच. पण गेल्या वर्षभरात आपल्या कार्यक्षेत्रातील तीन घरांतून आमच्याकडे हाच विषय आला. घरातली मुलगी किंवा सून बी.एड. झालेली, चांगली शिकवणारी, आणि परदेशातल्या शाळेचे बोलावणे आलेले. तिन्ही घरांनी पगार किती, हे पहिल्यांदा विचारले. नवऱ्याचं काय, पोरांचं काय, हे एकाही घराने पैसे भरायच्या आधी विचारले नव्हते. म्हणून हा लेख.

गेल्या मार्गशीर्षात एक जुने सभासद सकाळीच गट कार्यालयात येऊन बसले. त्यांना आपण तात्या म्हणू. दोन एकर आडसाली तुटायची होती, त्यावर उचल मिळेल का, असे विचारत होते. तात्या कधी उचल मागणारे नव्हेत. आम्ही म्हटले, "तात्या, काय काढलंय? बोअर की लग्न?"

"लग्न न्हाई साहेब. सूनबाई इंग्लंडला निघाल्यात. एजंट म्हणतोय चार लाख भरा, आधी व्हिजिट व्हिसावर जाऊ द्या, तिथं गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो."

आम्ही चहा मागवला आणि त्यांना सांगितले, "उचलीचं नंतर बघू. आधी सूनबाईंना कागद घेऊन पाठवा."

आता ही घाई आम्ही का केली, ते सांगायला हवे. २००९ साली आमचीच धाकटी बहीण आखातातल्या एका देशात शाळेत शिकवायला गेली. कराराचा कागद घरी आला तेव्हा घरात शिकलेला म्हणून वाचायला आमच्याच हातात दिला. त्यात एका ओळीत लिहिले होते की नेमणूक 'सिंगल स्टेटस'वर आहे. त्या दोन शब्दांचा अर्थ आम्हांला कळला नाही आणि कळला नाही हे कबूल करायची लाज वाटली. आम्ही "ठीक आहे, सही कर" म्हणून मोकळे झालो. अर्थ एवढाच होता की शाळा एकट्या माणसाचा व्हिसा काढणार, एकट्यालाच जागा देणार, कुटुंबाशी शाळेचा संबंध नाही. पुढे वर्षभरात नवरा-पोरांना बोलवू म्हणता म्हणता दोन वर्षे गेली. पोरं आमच्या आईजवळ वाढली. ती सुट्टीवर आली तेव्हा धाकटा भाचा आमच्या बायकोच्या पदरामागे लपला आणि ही कोण म्हणून विचारू लागला. बहिणीने आम्हांला कधी बोल लावला नाही. पण तेव्हापासून परदेशचा कागद दिसला की आम्ही पगाराच्या आकड्याआधी कुटुंबाची ओळ शोधतो.

असो. सूनबाई दुसऱ्या दिवशी आल्या. एम.एस्सी., बी.एड., आठवी ते दहावीला विज्ञान शिकवून सात वर्षे झालेली. एक मुलगी चौथीत, मुलगा दोन वर्षांचा. तात्यांचा मुलगा शेती बघतो. त्यांच्या पिशवीत तीन देशांचे कागद होते. एक दुबईकडच्या शाळेचे नेमणूकपत्र, एक एजंटाने दिलेला इंग्लंडचा छापील कागद, आणि अमेरिकेतील शिक्षक-विनिमय कार्यक्रमाची माहिती त्यांनी स्वतःच काढलेली. आम्ही तिन्ही कागद टेबलावर मांडले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न लावला, की या कागदावर चौघे जाऊ शकतात का?

दुबईचा कागद दहा मिनिटांत निकालात निघाला. संयुक्त अरब अमिरातीत नोकरीवाल्याला कुटुंबाचा निवासी व्हिसा स्वतःच्या जबाबदारीवर काढता येतो, आणि बाईमाणसालाही काढता येतो. पण त्याला पगाराची अट आहे. महिना किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि वर राहायला घर. सूनबाईंना देऊ केलेला पगार होता ३,२०० दिरहम, आणि राहायला दुसऱ्या शिक्षिकांबरोबर वाटून एक खोली. वाटून घेतलेल्या खोलीत नवरा-पोरं कशी राहणार? कुटुंबाच्या अर्जाला घराचा भाडेकरार जोडावा लागतो. म्हणजे कागदावर नोकरी खरी, शाळा खरी, पण कुटुंब येणे नाही. शिवाय तिथे परदेशी माणसांची मुले बहुतेक खाजगी शाळांतच जातात आणि त्यांची फी भरावी लागते. काही शाळा आपल्या शिक्षकांच्या मुलांना सवलत देतात, पण ती करारात लिहिलेली पाहिजे. तोंडी सवलतीवर विसंबणे म्हणजे नोंद न करता तोडीची वाट पाहणे.

सूनबाईंनी तो कागद स्वतःच घडी घालून ठेवला. बोलल्या काही नाहीत.

मग इंग्लंड. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण खोटे बोलणारे इथेच जास्त आहेत. ब्रिटनमध्ये परदेशी शिक्षक जातात ते 'स्किल्ड वर्कर' व्हिसावर. तो मिळायला सरकारचा परवाना असलेल्या शाळेने आधी नोकरी द्यावी लागते आणि 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' नावाची नोंद करावी लागते. आपल्याकडे जशी ऊसनोंद असल्याशिवाय चिटबॉय फडात येत नाही, तसेच. ही नोंद विकत मिळत नाही. कोणी पैशांवर देतो म्हणाला तर तो फसवतो आहे असेच समजावे. ३१ डिसेंबर २०२४ पासून तर परवान्याचा आणि या सर्टिफिकेटचा खर्च मालकाने नोकराकडून वसूल करायलाही तिथल्या सरकारने बंदी केली आहे. आणि एजंट जे सांगत होता की व्हिजिटवर जा आणि तिथे बदलून घे, ते तर सरळ नियमाविरुद्ध. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला तिथल्या तिथे कामाच्या व्हिसावर येता येत नाही. चार लाख भरून सूनबाई सहा महिने पाहुणी म्हणून राहिल्या असत्या आणि परत आल्या असत्या. लपून काम केले असते तर पुढची दारेही बंद.

तात्या हे ऐकून म्हणाले, "मग त्यो छापील कागद?"

"तात्या, छापखाना आपल्या तालुक्यालाही आहे."

सरळ रस्ता असा आहे. इंग्लंडच्या सरकारी शाळेत पूर्ण शिक्षक म्हणून मान्यता मिळायला 'क्यू.टी.एस.' लागते. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातील शिक्षकांनाही तिच्यासाठी थेट अर्ज करता येतो. पण सगळ्यांना नव्हे. गणित, विज्ञान किंवा भाषा, आणि तेही ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकविण्याची पात्रता असणाऱ्यांनाच. सूनबाई विज्ञानाच्या आणि आठवी ते दहावीच्या, म्हणजे नेमक्या चौकटीत बसतात. त्यांच्या मैत्रिणीने बालवाडीसाठी एजंटाला पैसे भरले होते, ती बसत नाही. अर्जाला फी नाही. हे सांगितल्यावर सूनबाई पहिल्यांदा हसल्या. इंग्रजीची अट मात्र ८ जानेवारी २०२६ पासून एक पायरी वर गेली आहे, ती परीक्षा देऊन किंवा इंग्रजी माध्यमातली पदवी तपासून घेऊन पुरी करावी लागते. क्षयरोगाची तपासणी मान्य दवाखान्यातच करावी लागते.

आता कुटुंब. या व्हिसावर शिक्षिकेचा नवरा आणि १८ वर्षांखालील मुले 'डिपेंडंट' म्हणून येऊ शकतात. नवऱ्याला तिथे जवळपास कोणतेही काम करता येते. मुलांना सरकारी शाळा फुकट. हे ऐकायला गोड आहे. पण दोन गोष्टी आहेत, त्यावर आम्ही तात्यांच्या घरी दोन संध्याकाळी बसलो.

पहिली पैशाची. व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्याचा अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे. जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा एकदम, आगाऊ. आम्ही तात्यांच्या नातीच्या वहीत हिशेब मांडला. दोन मोठी, दोन लहान, तीन वर्षे, झाले १०,८६६ पौंड. पौंड एकशेवीस रुपये धरला तरी तेरा लाखांच्या वर. अर्जाची फी माणशी वेगळी आणि विमानभाडे वेगळे. त्याशिवाय खर्चाला पैसे आहेत हे दाखविण्यासाठी शिक्षिकेचे १,२७०, नवऱ्याचे २८५, पहिल्या मुलाचे ३१५, दुसऱ्याचे २०० असे २,०७० पौंड सलग २८ दिवस खात्यावर दिसावे लागतात. उसाचे बिल जमा झाले आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीने कापून घेतले, तर ते चालत नाही. शाळेने हमी लिहून दिली तर ही अट माफ होते, म्हणून मुलाखतीतच विचारावे. काही शाळा अधिभाराचाही भार उचलतात, काही उचलत नाहीत. २०२५-२६ या वर्षी लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा पगार वर्षाला ३२,९१६ पौंडांपासून सुरू होतो. म्हणजे पहिल्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा पगार सुरू होण्याआधीच गेला. हा हिशेब बघून चार लाखांच्या गोष्टी करणारा एजंट किती स्वस्तात स्वप्न विकत होता ते ध्यानात येईल.

दुसरी गोष्ट पैशापेक्षा कठीण निघाली. तात्यांच्या मुलाच्या मनात असे होते की बायको आणि पोरं पुढे जातील, आपण शेतीवर थांबू, वर्षातून एकदा जाऊन येऊ. बापाचे वय सत्तरीचे, बैलबारदाना नसला तरी ट्रॅक्टर आहे, ठिबक आहे, दोन म्हशी आहेत. घर बंद करून जायचे कसे? पण ब्रिटनचा नियम असा आहे की मुलाला डिपेंडंट म्हणून यायचे तर आई आणि बाप दोघांकडेही तिथे राहण्याचा परवाना असावा, किंवा दोघांनी बरोबर अर्ज केलेला असावा. पाहुण्याचा व्हिसा त्यात धरत नाहीत. मुलाची सगळी जबाबदारी एकट्या आईवरच असेल तर सूट आहे, पण ते पुराव्याने दाखवावे लागते, आणि पोरीला रोज सायकलवरून शाळेत सोडणाऱ्या बापाच्या बाबतीत ते खोटेच ठरेल. म्हणजे चौघे तरी जा, नाहीतर एकटी जा. मधला रस्ता जवळजवळ नाही.

हे आम्ही सांगितले तेव्हा तात्यांचा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे रान की पोरं, असं झालं की हो साहेब."

आम्हांला उत्तर सुचले नाही. आणि आईवडिलांचे म्हणाल तर ते डिपेंडंटमध्ये येतच नाहीत. पाहुणे म्हणून एका खेपेस साधारण सहा महिने, एवढेच. पाच वर्षांनी कायम राहण्याचा परवाना मिळण्याची वाट आतापर्यंत होती. ती मुदत दहा वर्षे करण्याचा विचार ब्रिटिश सरकारने मे २०२५ मध्ये जाहीर केला. तेव्हा पाच वर्षांत कायमचे होऊ, या हिशेबावर कोणी जमीन विकू नये.

तिसरा कागद अमेरिकेचा. आम्हांला विचाराल तर या घराला तोच जास्त जवळचा वाटतो, पण आम्ही ऊसवाले, आमचे मत म्हणूनच घ्या. तिथे शिक्षकांसाठी 'जे-१' नावाचा विनिमय व्हिसा आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नेमलेल्या संस्थांमार्फतच तो मिळतो. पदवी लागते, किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो आणि बहुधा अर्जाच्या वेळी इथे शिक्षकाची नोकरी चालू लागते. म्हणून इथली नोकरी आधी सोडून 'तयारी' करीत बसू नये. मुदत तीन वर्षे, पुढे शाळेने व संस्थेने मागितले तर एक किंवा दोन वर्षे वाढते. नवरा आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले 'जे-२'वर जातात. बाप बरोबर नसला म्हणून मुलांना अडवणारा ब्रिटनसारखा नियम इथे नाही. नवऱ्याला काम करायचे तर तिथे पोचल्यावर परवान्याचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो हातात यायला महिने जातात. शिवाय त्याची कमाई शिक्षिकेच्या पोटापाण्यासाठी लागते असे त्या अर्जात म्हणता येत नाही. चौघांचाही आरोग्यविमा सक्तीचा, एका आजाराला वा अपघाताला किमान एक लाख डॉलरचा. मुलाखतीआधी फेसबुकसारखी खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला जून २०२५ पासून सांगतात. सूनबाई म्हणाल्या, "त्यात हळदीकुंकवाचे फोटो आहेत, बघू द्यात."

या व्हिसात मुक्काम ठराविक आहे, हे आधीच कळते. गेल्यावर कायम राहण्याचा मार्ग हा नव्हे. पूर्वी भारतातून गेलेल्या बऱ्याच जणांना, त्यांचे क्षेत्र अमेरिकेच्या कौशल्य-यादीत असल्याने, संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागे. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या यादीत भारत नाही. मात्र कोणा सरकारच्या पैशाने गेला असाल तर ती अट अजूनही लागते, आणि पुन्हा शिक्षक म्हणून याच व्हिसावर जायचे तर मध्ये दोन वर्षे बाहेर काढावीच लागतात. कोणी 'एच-१बी'चे नाव काढील. काही शाळा पूर्वी तो काढीत. पण २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या माणसासाठी मालकाला एक लाख डॉलर भरायला लावणारा हुकूम निघाला. शाळेला तो परवडणे कठीण.

तात्यांना आम्ही शेतकऱ्याच्या भाषेत सांगितले की इंग्लंड म्हणजे रान विकत घेणे आणि हा जे-१ म्हणजे तीन वर्षांच्या खंडाने करणे. खंडाचे रान सोडायचे कधी ते माहीत असते. तात्यांना ते पटले. सूनबाईंना किती पटले ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. त्यांची ओढ इंग्लंडकडे आहे, आणि शेवटी शिकवायचे त्यांना आहे.

एजंटाविषयी थोडके. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला भारत सरकारची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणी असलेल्यालाही उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. जो पावती देत नाही त्याला रुपया देऊ नये.

आता दाखल्यांकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो आणि हे काम आपल्या गावातच करायचे असते. सूनबाईंच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आडनाव आधी. पदवीवर सासरचे. पासपोर्टवर तिसराच क्रम. तात्यांच्या मुलाची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी घातलेली एक जून, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत ती भाद्रपदातली निघाली. आपल्यापैकी किती जणांचा वाढदिवस एक जूनला येतो ते हाताची बोटे मोजून पाहा! लग्न दारात मांडव घालून झालेले, हजार पाने उठलेली, पण नोंदणी नाही. लग्नपत्रिका आणि अल्बम म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला नव्हे. तो ग्रामपंचायतीत मिळतो, ग्रामसेवकाकडे, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे. आखाताकडे जायचे असेल तर पदवी, लग्न आणि जन्म या तिन्ही दाखल्यांवर राज्य सरकारचे, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचे आणि मग त्या देशाच्या वकिलातीचे शिक्के चढवावे लागतात. त्याला दोन महिने सहज धरा.

लहान मुलाचा पासपोर्ट आणखी वेगळा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तात्यांचा नातू त्यानंतरचा. पहिलं बाळंतपण असो की दुसरं, आपल्याकडे माहेरी. म्हणून नोंद सूनबाईंच्या माहेरच्या गावात, आणि दाखला काढला तर त्यात नावाचा रकाना मोकळा! बारशाला पेढे वाटले, पण पंचायतीत नाव कळवायचे राहून गेले. वर्षाच्या आत कळविले तर फुकट होते. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत थोडी विलंब फी भरून होते, पण आईबापाच्या अर्जाने आणि त्याच ठिकाणी जाऊन. ज्यांच्या घरी परदेशाचा विचारही नाही त्यांनीसुद्धा नातवंडांचे दाखले एकदा उघडून पाहावेत.

लग्नाची नोंद गेल्या आठवड्यात झाली. साक्षीदार म्हणून आमचा चिटबॉयच सही करून आला. क्यू.टी.एस.चा अर्ज सूनबाईंनी भरला आहे, अमेरिकेच्या संस्थेला पत्रही टाकले आहे. चार लाखांची उचल तात्यांनी मागितली नाही. तात्यांचा मुलगा अजून काही बोलत नाही. पण परवा त्याने पुढच्या आडसालीसाठी को ८६०३२ चे बेणे मागितले, आणि दोन एकरांची नोंद करायच्या वेळी एकच एकर सांगितला. दुसरा एकर चुलतभावाला वाट्याने द्यायचा विचार आहे म्हणाला. आम्ही एका एकराची नोंद घेतली आहे.

सोमवारी तो आणि सूनबाई मुलाचे नाव घालायला तिच्या माहेरी जाणार आहेत.